महागाईचा प्रश्न आणि रोख मजुरीचा इतिहास

महागाईवर आपल्याकडे दोन प्रकारचे लेखन होते. एक अर्थशास्त्र्यांचे. त्यात चलन, तूट, पुरवठा, निर्देशांक हे शब्द असतात, माणूस नसतो. दुसरे पांढरपेशांच्या वर्तमानपत्रांतले. त्यात माणूस असतो, पण तो एक तारखेला पगार घेणारा, वर्षातून दोनदा महागाई भत्त्याची वाट पाहणारा. या दोन्ही लेखनांत जो सापडत नाही त्याच्याविषयी मला लिहायचे आहे. ज्याची मजुरी आठवडी बाजाराच्या दिवशी हातात पडते, कधी पडतही नाही. ज्याला भत्ता नाही, हजेरीपटावर नाव असेल याची खात्री नाही. जो तेल बाटलीने घेत नाही, पावशेराने घेतो. या माणसाची महागाई वेगळी आहे आणि तिचा इतिहासही वेगळा आहे.

भाव सर्वांना सारखा असतो हा पहिला गैरसमज. दुकानावरची पाटी एकच असते हे खरे. पण जो महिन्याचा किराणा एकदम भरतो त्याला घाऊकाचा फायदा मिळतो. जो रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या मजुरीपुरते घेतो त्याला तोच माल महाग पडतो. आणि जो उधारीवर घेतो त्याला भाव विचारण्याचीही सोय राहत नाही. दुकानदार वहीत जो आकडा लिहील तो भाव. म्हणजे ज्याची ऐपत सर्वांत कमी, तो सर्वांत जास्त दराने खरेदी करतो.

दुसरा गैरसमज याहून मोठा. महागाई म्हणजे भाव वाढणे, अशी आपली समजूत आहे. माझ्या मते महागाई म्हणजे भाव आणि मजुरी यांच्यामधले अंतर. भाव दुप्पट झाले आणि मजुरीही त्याच दिवशी दुप्पट झाली तर मजुराच्या चुलीवर काही फरक पडणार नाही. पण तसे कधी होत नाही. भाव आधी धावतो, मजुरी मागून लंगडत येते. मधल्या काळात मजुराचे जे जाते ते हवेत विरत नाही, कुणाच्या तरी खिशात पडते. हे अंतर आपल्या समाजाच्या वाट्याला कसे आले हे पाहायचे तर बलुत्यापासून सुरुवात करावी लागेल.

बलुत्यात महागाई नव्हती. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे, कारण गावगाड्याचे गोडवे गाणारे आजही हेच सांगतात. महाराने गावकी करायची, निरोप पोहोचवायचे, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे धावायचे, लाकडे फोडायची, मेलेले ढोर ओढायचे. त्याबद्दल सुगीला खळ्यावर पेंढ्या, दारोदार मागून आणलेली भाकरी आणि मेलेल्या ढोराचे कातडे व मांस. या व्यवहारात रुपया नाही, म्हणून भाव नाही आणि भाव नाही म्हणून भाववाढही नाही. जोंधळा बाजारात कितीही चढला तरी पेंढी ती पेंढीच.

पण ती पेंढी केवढी असावी हे कोण ठरवीत होते? देणारा. पाऊस चुकला की सर्वांत आधी आखडता हात बलुत्याचा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात याची परीक्षा झाली. ज्यांना गावाने सांभाळायचे होते तेच आधी गाव सोडून रस्त्यावर आले. सरकारी दुष्काळी कामावर तेव्हा मजुरी इतकी खाली आणली गेली की दिवसभराच्या श्रमाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, एवढेच माणसाचे मोल उरले. ही मजुरी सर रिचर्ड टेंपल यांच्या नावाने इतिहासात नोंदली गेली. त्याच वेळी महात्मा फुले आणि सत्यशोधक समाज धनकवडीला दुष्काळग्रस्तांच्या मुलांसाठी आश्रम चालवीत होते. गावगाडा भुकेपासून राखतो ही कथा या दुष्काळाने खोटी ठरवली.

बलुत्यातून सुटण्याचा मार्ग होता रोख मजुरी. पलटण, रेल्वे, गोदी, मुंबई-नागपूरच्या गिरण्या, खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना, या ठिकाणी आपली माणसे गेली ती केवळ पोटासाठी नव्हे. तिथे महिन्याला हातात नाणे पडत होते. नाण्याला जात चिकटत नाही, निदान पेंढीइतकी नाही. ते हातात वरून टाकले तरी त्याने घेतलेली भाकरी मागून आणलेली भाकरी नव्हती. माझी आजी सांगत असे की मुंबईहून आलेल्या मनिऑर्डरीचे दाणे आणले की ती ते दळायला जात्यावर बसायची आणि त्या दिवशी मुद्दाम मोठ्याने ओव्या म्हणायची. गावाला ऐकू जावे म्हणून. तिला अर्थशास्त्र येत नव्हते. पण मागितलेले पीठ आणि विकत घेतलेले पीठ यांतला फरक तिला पक्का कळत होता.

मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्ट्याचे तुकडे मागणे सोडा. आपण या संदेशाची सामाजिक बाजू नेहमी सांगतो. आर्थिक बाजू क्वचितच सांगतो. वाळवून ठेवलेल्या चान्या हा आपल्या घरांतला टंचाईच्या दिवसांचा साठा होता. मागून आणलेली भाकरी हे संध्याकाळचे जेवण होते. ते सोडणे म्हणजे तेवढे अन्न यापुढे विकत घेणे. अत्यंत गरीब माणसांनी स्वाभिमानासाठी आपला खर्च आपण होऊन वाढवून घेतला. तो खर्च भागणार होता रोख मजुरीतून. म्हणजे रुपयाने काय आणि किती येते हा प्रश्न त्या दिवसापासून आपल्या स्वाभिमानाशी जोडला गेला.

पुढच्याच वर्षी, मार्च १९२८ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करून महाराला गावकीच्या बंधनातून सुटता यावे आणि बलुत्याच्या जागी रोख रक्कम यावी, असा त्याचा रोख होता. विधेयक पार पडले नाही. कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. पण दिशा स्पष्ट होती. धान्याच्या दयेपेक्षा नाण्याचा हक्क बरा.

इथे एक अडचण उभी राहते आणि ती टाळून चालणार नाही. नाणे हातात आले की माणूस बाजारात येतो, आणि बाजारात आला की महागाईच्या तावडीत येतो. बलुत्याचे जोखड उतरले, आता रुपयाच्या किमतीचे जोखड मानेवर. मग फायदा काय झाला?

या अडचणीचा विचार बाबासाहेबांनी पाच वर्षे आधीच केला होता. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ आपल्या चळवळीत नावाने सर्वांना माहीत आहे. वाचलेला फार थोड्यांनी. तो विद्वत्तेचा विषय, चळवळीचा नव्हे, अशी आपली समजूत झाली आहे. ती समजूत बदलली पाहिजे. १८७३ नंतर चांदीचा भाव घसरत गेला, त्याबरोबर रुपया घसरला. तेव्हा पुष्कळ शहाणे लोक म्हणत होते की रुपया घसरला तर देशाचे भलेच होते, निर्यात वाढते, कारखानदारी वाढते. बाबासाहेबांनी विचारले की हा फायदा येतो कुठून? त्यांचे उत्तर असे की हा देशाचा फायदा नव्हे. एका वर्गाच्या पदरात पडलेला दुसऱ्या वर्गाचा तोटा आहे. भाव चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही. व्यापारी आणि मालक यांच्या नफ्यात जी भर पडते ती मजुराच्या ताटातून काढलेली असते. म्हणून रुपयाची परदेशी नाण्याशी असलेली किंमत स्थिर ठेवण्यापेक्षा देशातल्या बाजारात रुपयाला काय मिळते हे स्थिर ठेवणे महत्त्वाचे, आणि नाणे काढण्याची सरकारची मोकळीक आवळली पाहिजे, असे त्यांनी मांडले. १९२५ मध्ये चलनविषयक रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्षही दिली.

१९२३ चा ग्रंथ, १९२७ चे महाड आणि १९२८ चे विधेयक ही तीन कामे एकत्र ठेवून पाहा. बलुते सोडा, उष्टे सोडा, रोखीने जगा. आणि ज्या रोखीने जगायचे ती सडू देऊ नका. माझ्या वाचनात हा एकच विचार आहे.

हा ग्रंथ लिहिला जात होता त्याच्या थोडे आधी मुंबईत काय चालले होते? पहिल्या महायुद्धाने कापड, रॉकेल, धान्य सारे महाग केले. १९१८ साली अपुरा पाऊस, इन्फ्लुएंझाची साथ आणि धान्याची टंचाई एकत्र आली. १९१९ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांत प्रचंड संप झाला, १९२० च्या जानेवारीत पुन्हा. या लढ्यांतून मजुरीवर महागाईची वाढ मिळाली. कामगार चळवळीच्या इतिहासात हा विजय म्हणून नोंदलेला आहे आणि तो विजय होताच. पण ही वाढ मूळ मजुरीच्या टक्केवारीने मिळे. ज्याचा पगार मोठा त्याची वाढ मोठी, ज्याचा लहान त्याची लहान. भाकरीचा भाव मात्र दोघांनाही पूर्ण भरावा लागे.

आणि लहान पगार कुणाचा होता? गिरणीत चांगली मजुरी विणकाम खात्यात मिळे. त्या खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. धोट्यात नवी कांडी घातल्यावर धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार हाती कसा घेणार? म्हणून आपल्या माणसांच्या वाट्याला कमी मजुरीची खाती आली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा कुठे तो मागण्यांत आला. महागाई सर्व कामगारांची एक असते असे जे म्हणतात त्यांनी हा धोटा लक्षात ठेवावा. जातीने भाव ठरत नव्हता. जातीने मजुरी ठरत होती. परिणाम एकच.

दुसऱ्या महायुद्धात तोच खेळ अधिक क्रूरपणे झाला. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसे मेली. सरकारी चौकशी आयोगाने सुमारे पंधरा लाखांचा आकडा दिला. नंतरच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांच्या आसपास नेला. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवले की त्या वर्षी बंगालमधला धान्यपुरवठा १९४१ पेक्षा कमी नव्हता. धान्य होते, ते विकत घेण्याची ताकद गेली होती. मेले ते प्रामुख्याने शेतमजूर, कोळी, खेड्यातले कारागीर. ज्यांना मोबदला धान्यात मिळत होता ते अर्धेलीचे शेतकरी त्यामानाने तगले.

बलुत्याचे समर्थक इथे मान वर करतील. पाहा, धान्यात मजुरी घेणारा वाचला, रोखीवाला मेला! त्यांना उत्तर एवढेच की बंगालचा शेतमजूर नाण्याने मेला नाही. नाण्याची किंमत कोसळत असताना त्याची मजुरी वाढवण्याची जबाबदारी कुणावरच नव्हती आणि स्वस्त धान्य देण्याची जबाबदारी सरकारने वेळेवर उचलली नाही, म्हणून मेला. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झाले. काळाबाजार झाला, रांगा लागल्या, धान्यात खडे निघाले, हे सारे खरे. पण माणशी इतके धान्य अमुक भावाने मिळालेच पाहिजे, हा विचार या शहरात रुजला. बलुत्यात माप देणाऱ्याच्या मर्जीचे होते; रेशनच्या कार्डावर माप लिहिलेले असते. तेव्हा मध्यवर्ती सरकारात मजूरमंत्री होते बाबासाहेब. किमान वेतनाचे विधेयक १९४६ मध्ये त्यांनीच मांडले आणि १९४८ मध्ये कायदा झाला. राहणीच्या खर्चाबरोबर वाढणारा भत्ता किमान वेतनात धरता येईल, अशी सोय या कायद्यात होती. भाव आणि मजुरी यांना एका दोरीने बांधण्याचा हा प्रयत्न.

यानंतरची घटना तर आपल्या चळवळीचीच आहे, तरी आपणच ती अर्धी विसरलो. ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशव्यापी सत्याग्रह केला. लाखो माणसे तुरुंगात गेली. बाया पोरे कडेवर घेऊन गेल्या. भूमिहीनांचा सत्याग्रह म्हणून आपण तो ओळखतो. पण पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दिलेल्या मागण्यांत पडीक जमिनीबरोबर धान्याचे योग्य वाटप आणि भाववाढीला आळा ही मागणी होती, आणि १९४८ च्या किमान वेतन कायद्याची पूर्ण अंमलबजावणी हीही होती. जमीन, भाव आणि मजुरी. तिन्ही एका कागदावर होते. पुढे आपण जमिनीचा मुद्दा लक्षात ठेवला आणि भावाचा मुद्दा इतरांना देऊन टाकला.

ते इतर कोण हे १९७२ ने दाखवले. त्या सप्टेंबरात मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्या पुढे होत्या. हजारो बाया थाळ्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. रॉकेल, तेल, साखर, धान्य यांसाठी त्यांनी मंत्र्यांना जाब विचारला. या आंदोलनाविषयी मला आदर आहे. घरातल्या बाईने बाजाराचा प्रश्न राजकारणात आणला ही लहान गोष्ट नव्हे. तरीही एक गोष्ट नोंदवतो. लाटणे हे पोळीचे साधन आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी हाताने थापतात. त्या वर्षी नगर जिल्ह्यात आमच्या घरात लाटणे नव्हते आणि थापायला पीठही नव्हते.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडीत होते. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. पगार आठवड्याचा, पण दोन-तीन आठवडे लांबे. मुकादमाने मापात घेतले तर खडीचा ढीग लहान होई. पगार लांबला की दुकानदाराची उधारी, आणि उधारीचा भाव वेगळा. अमेरिकेहून आलेला मिलो आम्ही खाल्ला, सुकडीसाठी रांगा लावल्या. १९७३-७४ या वर्षात देशातल्या घाऊक किमती वीस टक्क्यांवर वाढल्या. ज्यांना भत्ता होता त्यांच्या वाढीव भत्त्याचा अर्धा भाग सरकारने १९७४ मध्ये सक्तीने ठेवीत वळवला, आणि त्यावर देशभर ओरड झाली, ती रास्त होती. ज्यांना भत्ताच नव्हता त्यांच्यासाठी ओरडायला शब्दही नव्हता.

त्याच १९७२ साली त्याच मुंबईत दलित पँथर जन्माला आली. पँथरने १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात भूमिहीन मजूर, कामगार आणि स्त्रिया यांनाही घेतले. तरी लाटणे-मोर्चा आणि पँथर ही दोन नावे आपल्या इतिहासलेखनात एका पानावर क्वचितच येतात. अत्याचाराचा प्रश्न आपला आणि महागाईचा त्यांचा, अशी वाटणी होऊन गेली. ही वाटणी चुकीची आहे. गावात बहिष्कार पडतो तेव्हा पहिले काय होते? दुकान बंद होते, दळण बंद होते, काम बंद होते. ज्याच्या गाठी आठ दिवसांचे दाणे आहेत तो बहिष्कार सोसू शकतो. ज्याची मजुरी महागाईने खाऊन टाकली आहे तो तिसऱ्या दिवशी पाटलाच्या दारात जातो. महागाई अत्याचाराची वाट मोकळी करते.

दुष्काळातून महाराष्ट्राला रोजगार हमी मिळाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम हे तत्त्व मोठे आहे. शहरातल्या पगारदारांवरील व्यवसाय करातून त्यासाठी पैसा उभा राहिला हेही सांगितले पाहिजे. पुढे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला, आणि जानेवारी २०२३ पासून त्याखालचे धान्य मोफत झाले. माणशी पाच किलो. याने भुकेची धार कमी झाली हे मान्य करू. पण मोफत धान्य हे तेल, डाळ, गॅस, औषध, एसटीचे भाडे आणि मुलीची फी यांच्या महागाईचे उत्तर नाही. आणि दात्याचे चित्र छापलेल्या पिशवीतून धान्य आले की मला खळ्यावरची पेंढी आठवते. धान्य हक्काने हवे, उपकाराने नको.

मोजणीचाही प्रश्न आहे. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून केलेल्या किरकोळ किमतींच्या निर्देशांकात अन्न व पेयांचा वाटा ग्रामीण भागासाठी सुमारे ५४ टक्के आणि शहरी भागासाठी सुमारे ३६ टक्के धरला होता. म्हणजे डाळ आणि तेल कडाडले की खेड्यातला खर्च शहरापेक्षा अधिक वाढतो. मजुराच्या घरी हा वाटा त्याहूनही मोठा. दोघांची सरासरी काढून महागाई आटोक्यात असल्याचे सांगितले जाते, तेव्हा ती कुणाच्या आटोक्यात आहे हे विचारले पाहिजे.

विद्यार्थ्यांना जवळचे असे एक उदाहरण देतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा २०१३ मध्ये ठरली. २०२१ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांतही ती तेवढीच राहिली. या आठ वर्षांत भाव वाढले. एखाद्या बापाची कमाई केवळ भावांबरोबर वाढली, म्हणजे तो एका पैशानेही श्रीमंत झाला नाही, तरी त्याचा मुलगा मर्यादेबाहेर गेला. कुणी आदेश काढला नाही, कुणी सवलत रद्द केली नाही. महागाईने ती गुपचूप कापली. किमान वेतनाचे दर वर्षानुवर्षे सुधारले जात नाहीत तेव्हाही हेच घडते. आपण सवलत रद्द झाली की मोर्चा काढतो. सवलत झिजली की आपल्याला कळतही नाही.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे माझे म्हणणे साधे आहे. आपल्या प्रत्येक मागणीतला रुपयाचा आकडा भावाशी बांधलेला असला पाहिजे, मग ती शिष्यवृत्ती असो, वसतिगृहाचा भोजनखर्च असो, निराधारांचे मानधन असो की रोजगार हमीची मजुरी. मजुरी वेळेवर मिळणे ही महागाईविरोधी मागणी आहे, कारण उशिराची मजुरी उधारीच्या भावाने खर्च होते. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक वसतिगृहात दर महिन्याला दहा जिनसांचे भाव आणि त्या महिन्याची मजुरी एका वहीत लिहून ठेवावी. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. वर्षाअखेरीस ती वही तहसीलदारापुढे, विद्यापीठापुढे, आपल्या स्वतःच्या परिषदेपुढे ठेवावी. आणि अभ्यासमंडळांत रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ जयंतीच्या भाषणात नाव घेण्यापुरता न ठेवता वाचायला घ्यावा.

बलुते सोडून रोखीने जगण्याचा निर्णय आपल्या आज्या-पणज्यांनी घेतला. तो फुकट नव्हता. त्याची किंमत त्यांनी उपाशी राहून दिली. त्यांनी मिळवलेला रुपया आपल्या हातात असताना तो झिजत जातो आणि आपण गप्प बसतो, हे बरोबर नाही.